टीआरपीचा आकडा येतो कुठून? कोल्हापूरच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुवारी मराठी मालिकांची टीआरपी यादी व्हॉट्सॲपवर फिरायला लागते आणि संध्याकाळपर्यंत राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत चर्चा सुरू होते. कोण एक नंबरला आलं, कुणाची मालिका घसरली, कुणाला आता गाशा गुंडाळावा लागणार. मी जाहिरातींच्या कामात असल्यामुळे या यादीबद्दलचे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. दुकानदार विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, घरातल्या आत्या-मावशा तर हटकून विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो. टीआरपी हा जाहिरातीचा भाव ठरवण्यासाठी काढलेला अंदाज आहे. तो अंदाज बराच काळजीपूर्वक काढलेला असतो, पण त्याच्याकडून आपण भलत्याच गोष्टींचा निकाल मागतो.

टीआरपी म्हणजे नेमकं काय?

टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट. एखाद्या मालिकेचं रेटिंग ५ आहे याचा अर्थ, ठरवलेल्या गटातल्या माणसांपैकी ५ टक्के माणसं त्या मालिकेच्या सरासरी मिनिटाला ती बघत होती. या वाक्यातला 'ठरवलेला गट' आणि 'सरासरी मिनिट' हे दोन शब्दप्रयोग नीट लक्षात घ्या, कारण निम्मे गैरसमज तिथेच होतात.

गट म्हणजे ज्यांच्यातून टक्केवारी काढली ती माणसं. मराठी मालिकांच्या नेहमीच्या यादीत हा गट महाराष्ट्र आणि गोवा मिळून, शहरी आणि ग्रामीण धरून, ज्यांच्या घरात टीव्ही आहे अशा २ वर्षांवरच्या सगळ्यांचा असतो. होय, २ वर्षांचं पोरसुद्धा त्यात येतं. पण तीच मालिका फक्त १५ वर्षांवरच्या शहरी बायकांच्या गटात मोजली तर आकडा वेगळा येईल आणि तोही खराच असेल. म्हणून गट न सांगता नुसता 'टीआरपी ६' म्हणणं म्हणजे अर्धवट माहिती.

'सरासरी मिनिट' हे काय प्रकरण आहे?

शिवाजी पेठेतली एक गल्ली धरा, १०० माणसांची. संध्याकाळी अर्ध्या तासाची एक मालिका लागली. २० जणांनी ती पूर्ण ३० मिनिटं बघितली. आणखी २० जणांनी फक्त १५ मिनिटं बघितली, मग कुणी जेवायला उठलं, कुणी चॅनेल बदललं. बाकीच्या ६० जणांनी बघितलीच नाही.

मालिका 'किती जणांनी बघितली' असं विचारलं तर उत्तर ४०. यालाच रीच म्हणतात. पण सगळ्यांची मिळून बघितलेली मिनिटं मोजली तर २० गुणिले ३० म्हणजे ६००, अधिक २० गुणिले १५ म्हणजे ३००, एकूण ९००. त्याला मालिकेच्या ३० मिनिटांनी भागलं की ३० येतात. म्हणजे कुठल्याही एका मिनिटाला सरासरी ३० माणसं टीव्हीसमोर होती. १०० माणसांत ३०, म्हणून रेटिंग ३०.

जाहिरातदाराला हाच आकडा हवा असतो. त्याची जाहिरात १० सेकंदांची. त्या १० सेकंदांत समोर किती माणसं असतील, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. कुणी मध्येच डोकावून गेलं याचं त्याला फारसं मोल नाही.

इम्प्रेशन, जीआरपी, शेअर हे शब्दही दिसतात. त्यांचं काय?

इम्प्रेशन म्हणजे वरचीच सरासरी, फक्त टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत, बहुधा हजारांत लिहिलेली. शेअर काढताना सगळी लोकसंख्या धरत नाहीत, त्या वेळी जे टीव्ही बघत होते तेवढेच धरतात. रात्री १२ वाजता रेटिंग अर्धा टक्का असलं तरी शेअर २० टक्के असू शकतो, कारण जागेच थोडे असतात. वाहिन्या आपल्या पोस्टरवर शेअर छापतात की रेटिंग, हे बघून घ्यावं.

जीआरपी म्हणजे रेटिंगची नुसती बेरीज. एखाद्या कंपनीने १० वेळा जाहिरात लावली आणि दर वेळी रेटिंग ३ होतं, तर ३० जीआरपी झाले. यातले किती वेगळे प्रेक्षक आणि किती तेच तेच, हे जीआरपी सांगत नाही. वाहिनीचे आठवड्याचे जीआरपीही अशाच बेरजेतून येतात.

हे सगळं मोजतं कोण? सरकार?

नाही. भारतात हे काम ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे बार्क, ही मुंबईची संस्था करते. तिची मालकी या धंद्यातल्याच तीन घटकांच्या संघटनांकडे आहे. वाहिन्यांच्या संघटनेचा वाटा ६० टक्के, जाहिरातदारांच्या संघटनेचा २० आणि जाहिरात एजन्सींच्या संघटनेचा २०. विकणारा आणि विकत घेणारा यांनी मिळून ठेवलेला हा सामाईक तराजू आहे. विकणाऱ्याचा वाटा मोठा, हे मात्र मला खटकत आलं आहे. सरकारचं काम नियम घालून देण्याचं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०१४ मध्ये रेटिंग देणाऱ्या संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक केली.

बार्कचे आकडे एप्रिल २०१५ पासून यायला लागले. सुरुवातीला फक्त शहरांचे. ग्रामीण भागाचे आकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आले, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. त्याआधी कागल, राधानगरी, शाहूवाडीतल्या गावांमध्ये लोक काय बघतात याची या आकड्यांत दखलच नव्हती. ग्रामीण घरं मोजणीत आल्यावर कुठली वाहिनी किती मोठी, याची गणितं देशभर बदलली.

बार्कच्या आधी काय होतं?

दूरदर्शनचं एकट्याचं राज्य होतं तेव्हा त्यांचा स्वतःचा प्रेक्षक संशोधन विभाग डायरीवर काम करायचा. निवडलेल्या घरांत वही दिलेली असायची आणि कोणता कार्यक्रम कोणी बघितला हे घरच्यांनी लिहायचं. यात अडचण उघड आहे. माणूस आठवड्याची वही शेवटच्या दिवशी बसून भरतो आणि गाजलेलं नाव आधी लिहितो.

खासगी वाहिन्या वाढल्यावर १९९० च्या दशकात टॅम आणि इनटॅम अशा दोन खासगी मोजण्या मीटर लावून सुरू झाल्या. दोघांचे आकडे जुळायचे नाहीत म्हणून भांडणं व्हायची. २००१ साली मुंबईतल्या मीटर असलेल्या घरांची गुप्त यादी फुटली आणि मोठी खळबळ उडाली. पुढे दोन्ही मोजण्या एक झाल्या आणि बरीच वर्षं टॅमचाच आकडा चालला. त्यात गावं नव्हती, घरं कमी होती, तक्रारी वाढत गेल्या, आणि त्यातून बार्कची स्थापना झाली.

मीटर काम कसं करतं? ते आमचं बोलणं ऐकतं का?

वाहिनी आपला कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवते तेव्हाच आवाजात एक खूण मिसळलेली असते. तिला वॉटरमार्क म्हणतात. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. त्या खुणेत वाहिनी कोणती आणि वेळ कोणती एवढं दडलेलं असतं. ज्या घरात मीटर आहे तिथे टीव्हीला जोडलेली छोटी पेटी ही खूण ओळखते आणि नोंद करते. नोंदी मोबाइल नेटवर्कवरून मुख्य संगणकाकडे जातात. घरातल्या बोलण्याशी या मोजणीचा काही संबंध नाही, मोजायची असते ती फक्त खूण.

टीव्ही कुठल्या वाहिनीवर आहे हे यंत्राला कळलं, पण समोर कोण बसलंय हे कसं कळणार? त्यासाठी मीटरबरोबर एक रिमोट असतो. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं, पाहुण्यांसाठीही सोय असते. आजी टीव्हीसमोर बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, उठल्या की पुन्हा दाबायचं. त्या घरातल्या माणसांचं वय, बाई की पुरुष, शिक्षण हे आधीच नोंदवलेलं असतं. म्हणूनच '१५ ते ३० वयाच्या मुलींमध्ये ही मालिका पहिली' असं सांगता येतं.

सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक भाग हे बटण आहे. खूण ओळखायला यंत्र सहसा चुकत नाही. पण दमून घरी आलेला माणूस दर वेळी बटण दाबेल का, स्वयंपाकघरातून अर्ध्या लक्षाने ऐकणाऱ्या वहिनींनी ते दाबायचं की नाही, लहान पोराचं बटण कोण दाबणार, हे प्रश्न जगभर सगळ्याच मोजण्यांना पडले आहेत. अमेरिकेत नील्सन कंपनी १९५० पासून टीव्हीचे प्रेक्षक मोजते आहे. तिथे १९८७ साली बटणाचे मीटर देशभरासाठी आले तेव्हाही वाद याच मुद्द्यावर झाला होता. बटण दाबायचं विसरलेल्या घरांच्या नोंदी तपासून वगळण्याची पद्धत असते, पण माणसाचा कंटाळा पूर्णपणे वगळता येत नाही.

आमच्या घरी कधीच कुणी आलं नाही. ओळखीत कुणाकडेही मीटर नाही. मग हे आकडे आले कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा संशय मला समजतो. आता हिशेब करू. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे २३ कोटी घरांत टीव्ही आहे आणि मीटर आहेत सुमारे ५८ हजार. म्हणजे साधारण ४ हजार घरांमागे एक. तुमच्या ओळखीत ४ हजार घरं आहेत का? नसतील, तर मीटरवालं घर न भेटणं अगदी साहजिक आहे. शिवाय मीटर असलेल्या घराने ही गोष्ट बाहेर सांगायची नसते, त्यामुळे असलं तरी कळणार नाही.

मीटरसाठी अर्ज करता येत नाही. आधी लाखो घरांचं मोठं सर्वेक्षण होतं. घरात टीव्ही आहे का, माणसं किती, कमावत्याचं शिक्षण किती, फ्रीज-गाडी-संगणक यातलं काय काय आहे, अशी माहिती घेतली जाते. मग त्या चित्राशी जुळतील अशी घरं निवडली जातात. शहर-गाव, भाषा, आर्थिक स्तर यांचं प्रमाण राखलं जातं. माध्यमांत किंवा जाहिरातीत काम करणाऱ्यांची घरं घेत नाहीत. दरवर्षी साधारण चौथा हिस्सा घरं बदलली जातात, कारण एकच घर फार वर्षं ठेवलं तर त्याच्या सवयी बदलतात आणि ओळख फुटण्याची भीतीही वाढते.

पण ५८ हजार घरांवरून २३ कोटी घरांचं कसं सांगता येईल? हे पटत नाही.

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघा. व्यापारी थप्पीतला प्रत्येक रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडत नाही. चार ठिकाणचे रवे बघतो, रंग, कडकपणा, चव तपासतो आणि बोली लावतो. आयुष्यभर हेच करून त्याचं घर चालतं. पण त्याची अट एकच असते, रवे त्याने स्वतः थप्पीतून हवे तिथून काढायचे. शेतकऱ्याने पुढे मांडलेले चांगले चारच बघितले तर तो फसेल. थप्पी लहान की मोठी याने फारसा फरक पडत नाही, रवे कसे निवडले याने पडतो.

आकडेशास्त्रही हेच सांगतं, आणि ते पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. अंदाज किती नेमका येईल हे नमुन्यात किती माणसं आहेत यावर ठरतं. एकूण लोकसंख्या १ कोटी की १० कोटी याचा त्यावर जवळपास परिणाम होत नाही. समजा २,००० माणसांचा चांगला नमुना आहे आणि रेटिंग ५ आलं. तर खरा आकडा १०० पैकी ९५ वेळा साधारण ४ ते ६ च्या दरम्यान असतो. नमुना २०० माणसांचा असेल तर तोच ५ चा आकडा २ ते ८ पर्यंत कुठेही असू शकतो. हे अगदी साधं गणित झालं. प्रत्यक्षात एका घरातली माणसं एकत्र टीव्ही बघतात, त्यामुळे नमुन्याची ताकद आणखी थोडी कमी होते.

आता तुम्हीच बघा, ५८ हजार घरं देशासाठी पुरेशी आहेत. मोठ्या राज्यासाठी ठीक आहेत. पण 'महाराष्ट्रातल्या शहरांतले २२ ते ३० वयाचे पुरुष, रात्री ११ चा कार्यक्रम' असं कापत कापत गेलं की शेवटी हातात थोडीच माणसं उरतात आणि आकडा डळमळीत होतो. टीआरपीबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. नमुना लहान असल्याबद्दल मी कुरकुर करत नाही. पण ४.३ असा दशांशापर्यंतचा आकडा दिला जातो आणि त्याच्या मागेपुढे किती अंतर सोडायचं हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

कोल्हापूरचा वेगळा टीआरपी किती?

दर आठवड्याला जाहीर होणाऱ्या यादीत कोल्हापूरचा वेगळा आकडा नसतो. महाराष्ट्र आणि गोवा एकत्र. मुंबईतलं अंधेरी आणि आपलं आजरा एकाच आकड्यात.

तसा आकडा काढायला गेलं तर काय होईल, तेही बघू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. घरं ढोबळमानाने ८ लाख धरली, सगळ्यांकडे टीव्ही धरला आणि मीटर देशभर समान वाटले आहेत असं मानलं, तर बाराही तालुके मिळून आपल्या वाट्याला दोनशेच्या आसपास घरं येतील. प्रत्यक्षात वाटप असं समान नसतं, हा फक्त अंदाज यावा म्हणून मांडलेला हिशेब. दोनशे घरं म्हणजे ८०० च्या आसपास माणसं. त्यावरून ५ रेटिंग आलं तर खरं रेटिंग साडेतीन ते साडेसहा यांत कुठेही. एवढ्या अंतरात पहिली मालिका पाचवी आणि पाचवी पहिली होऊ शकते.

म्हणून 'कोल्हापुरात अमुक मालिका एक नंबर' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर आकडा कुठून आणला हे शांतपणे विचारा. रांगड्या कोल्हापुरी बोलीतली मालिका असली की हा दावा फार ऐकू येतो. मालिका इथे घडते म्हणून ती इथे जास्त बघितली जात असेल, असं मलाही वाटतं. पण ते वाटणं आहे.

पहिल्या मालिकेला ५.२ आणि दुसरीला ५.१. मग पहिलीच जास्त बघितली गेली ना?

या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. ०.१ चा फरक अंदाजाच्या चुकीत सहज विरघळतो. दोन्ही बरोबरीत आहेत असं समजा. तीच मालिका सलग सात-आठ आठवडे पुढे राहिली, तर मात्र ती पुढे आहे असं मानायला जागा आहे.

महाएपिसोड आणि महासंगमच्या आठवड्यात टीआरपी उसळतो तो खरा असतो का?

खरा असतो, पण त्या आठवड्यापुरता. लग्नाचा भाग, खलनायिकेचं पितळ उघडं पडण्याचा भाग, रविवारचा दोन तासांचा महाएपिसोड, यांना गर्दी होतेच. वाहिन्या ते मुद्दाम योजतात, कारण एखाद्या आठवड्याचा आकडा वर गेला की यादीत नाव येतं आणि नावामुळे नवे प्रेक्षक येतात. मालिकेची तब्येत बघायची असेल तर असे आठवडे सोडून मधल्या साध्या आठवड्यांचे आकडे बघावेत.

वेळेचाही मोठा वाटा असतो. रात्री ८ च्या मालिकेला मिळालेले ४ आणि दुपारी २ च्या मालिकेला मिळालेले २ यांत दुपारची मालिका जास्त यशस्वी असू शकते, कारण दुपारी टीव्ही चालू असणारी घरंच कमी. म्हणून वाहिनीचे लोक 'स्लॉट लीडर' कोण हे बघतात, म्हणजे त्या वेळेला सगळ्या वाहिन्यांत पुढे कोण. गणपतीत मिरवणुका, क्रिकेटचा मोसम, मे महिन्यात गावी जाणं, पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं की वीज आणि केबल दोन्ही बंद, असल्या कारणांनीही आकडे हलतात. एका आठवड्याची घसरण बघून लेखकाला दोष देऊ नये.

टीआरपी कमी झाला की मालिका बंद का होते? आम्ही तर रोज बघतो.

कारण वाहिनीचं उत्पन्न. जाहिरात १० सेकंदांच्या भावाने विकली जाते आणि घेणारा एका रेटिंग पॉइंटला किती पैसे पडले ते बघतो. समजा एका मालिकेत १० सेकंदांना २० हजार रुपये आणि रेटिंग ४, तर पॉइंटला ५ हजार पडले. दुसरीत ९ हजार रुपये आणि रेटिंग दीड, तर पॉइंटला ६ हजार. दुसरी मालिका दिसायला स्वस्त, हिशेबाला महाग. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, त्यातली २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे मिनिटं वाढवून तूट भरून काढता येत नाही. रेटिंग पडलं आणि चित्रीकरणाचा खर्च तेवढाच राहिला की मालिका बंद करण्याचा विचार सुरू होतो.

तुमचं रोजचं बघणं खोटं नाही. पण तुमच्या घरात मीटर नसेल, तर तुमच्यासारखं एखादं मीटरवालं घर तुमच्या वतीने मोजलं जातं. त्या घराची आवड तुमच्यासारखी नसेल, तर तुमची आवड आकड्यापर्यंत पोचत नाही.

मग टीआरपी जास्त म्हणजे मालिका चांगली?

टीआरपी हजेरी मोजतो. टीव्ही चालू होता आणि माणूस समोर होता, एवढंच. आवडीने बघत होता की सासूबाईंना लावायची होती म्हणून बसला होता, रडला की मोबाइलवर बोट फिरवत होता, यातलं काहीच मीटरला कळत नाही. वाहिनी किती घरांत पोचते यावरही बरंच अवलंबून असतं. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी वाहिनी आणि महिन्याला वेगळे पैसे मोजून घ्यावी लागणारी वाहिनी यांची शर्यत एका रेषेवरून सुरूच होत नाही.

वृत्तवाहिन्यांचे आकडे मध्ये बंद का होते?

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी मीटर असलेल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितल्याचा आरोप करत गुन्हा नोंदवला. त्यानंतर काही दिवसांतच बार्कने वृत्तवाहिन्यांचे आठवड्याचे आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून एका आठवड्याचा आकडा न देता चार आठवड्यांची सरासरी दिली जाते. मुंबईतला तो खटला पुढे २०२४ मध्ये राज्य सरकारच्या विनंतीवरून न्यायालयाच्या परवानगीने मागे घेण्यात आला.

चार आठवड्यांची सरासरी हा निर्णय मला योग्य वाटतो. बातम्यांचे प्रेक्षक मालिकांच्या मानाने कमी, म्हणून मोजके मीटर इकडचे तिकडे झाले तरी नंबर बदलतो. जिथे आकडा इतका हलका असतो, तिथेच तो वाकवण्याचा मोह जास्त होतो.

याचाच भाऊबंद म्हणजे लँडिंग पेज. सेटटॉप बॉक्स चालू केला की आपोआप एक वाहिनी लागते, तुम्ही मागितली नसली तरी. ती जागा मिळवायला वाहिन्या केबलवाल्याला पैसे देतात. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत ती वाहिनी मोजली जाऊ शकते. असं जबरदस्तीचं बघणं आकड्यांतून गाळण्यासाठी बार्क गणिती चाळणी लावते, आणि लँडिंग पेजचं बघणं रेटिंगमध्ये धरूच नये अशी भूमिका सरकारी प्रस्तावातही आली आहे.

मी मालिका मोबाइलवर बघतो. फुटबॉल आणि क्रिकेट तर तालमीत मोठ्या पडद्यावर. ते धरतात का?

टीआरपीच्या नेहमीच्या आकड्यात घरातल्या टीव्हीवरचं बघणं असतं. ॲपवर बघितलेले भाग त्यात येत नाहीत, त्यांची मोजणी त्या त्या ॲपकडे असते आणि तिथे 'व्ह्यू' म्हणजे किती सेकंद, हे ज्याने त्याने ठरवलेलं असतं. त्यामुळे ॲपचे कोटींचे आकडे आणि टीव्हीचं रेटिंग शेजारी ठेवून तुलना करू नका.

तालमीतल्या पडद्यासमोर दीडशे जण उभे असले तरी या आकड्यात ते शून्य. मंगळवार पेठेत विश्वचषकाचा सामना कसा बघितला जातो हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हा आकडा किती कमी पडतो ते सांगायला नको.

सेटटॉप बॉक्स घरोघरी आहे. त्यातूनच का मोजत नाहीत?

आपल्याकडचे बहुतेक बॉक्स एकतर्फी आहेत, त्यांच्यात सिग्नल येतो पण परत काही जात नाही. जे दुतर्फी आहेत त्यांच्याकडून माहिती घेता येते, आणि नमुना मोठा करायला तिचा उपयोग आहे. पण बॉक्सला फक्त वाहिनी कळते. टीव्ही बंद करून बॉक्स रात्रभर चालू ठेवणारी कितीतरी घरं आहेत. आणि समोर आजोबा होते की नातू, हे बॉक्स सांगू शकत नाही.

माझं महाद्वार रोडवर साड्यांचं दुकान आहे. टीआरपी बघून जाहिरात द्यावी का?

राज्यभराच्या वाहिनीवर जाहिरात दिली तर नागपूर आणि नाशिकच्या प्रेक्षकांचेही पैसे तुम्ही भरता. त्यांच्यातले किती जण साडी घ्यायला इथे येणार? अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांवर तुमचा धंदा बराचसा चालत असेल तर थोडा विचार करता येईल, नाहीतर रेटिंग कितीही चांगलं असलं तरी तो खर्च तुमच्यासाठी नाही.

स्थानिक केबल वाहिन्यांवर दसरा चौकातला शाही दसरा आणि गणपतीची मिरवणूक घरोघरी बघितली जाते. पण या वाहिन्यांच्या आवाजात बार्कची खूण नसते, म्हणून त्यांना रेटिंगच नाही. रेटिंग नाही याचा अर्थ कुणी बघत नाही असा होत नाही. इथे स्वतःची मोजणी करा. नवरात्राच्या आधी दोन आठवडे फक्त स्थानिक वाहिनीवर जाहिरात द्या, तिच्यात एखादी अशी सवलत सांगा जी दुसरीकडे कुठेच छापलेली नाही, आणि ती मागणाऱ्या गिऱ्हाइकांची गल्ल्याजवळच्या वहीत नोंद ठेवा. केबलवाल्याकडून त्याची जोडणी किती घरांत आहे आणि कुठल्या पेठांत, हेही लेखी मागा. दिलेला आकडा शेजारच्या दुकानदाराला सांगितलेल्या आकड्याशी जुळतो का, ते बघा.

कुणी दारात येऊन 'टीआरपीचं मीटर बसवतो' किंवा 'अमुक चॅनेल चालू ठेवा, महिन्याला पैसे देतो' म्हणालं तर?

पहिल्या बाबतीत ओळखपत्र मागा, संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवरचा क्रमांक स्वतः शोधून त्यावर खात्री करा आणि तोपर्यंत घरात घेऊ नका. मीटर बसवण्यासाठी घराकडून पैसे घेतले जात नाहीत, त्यामुळे आधार, बँक खातं किंवा ओटीपी मागितला तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी दार बहुतेक तेच उघडतात.

दुसऱ्या बाबतीत पैसे घेऊ नका आणि जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा. तुमच्या घरात खरंच मीटर असेल, तर तुमच्या एका टीव्हीवर साधारण ४ हजार घरांचा आकडा उभा आहे, आणि तो माणूस तोच विकत घ्यायला आलेला असतो.